‘उसने कहा था’ : लहनासिंहाच्या मरणामागील प्रेरणा

१. प्रश्नाची मांडणी

चंद्रधर शर्मा गुलेरी (१८८३-१९२२) यांची ‘उसने कहा था’ ही कथा जून १९१५ च्या ‘सरस्वती’ मासिकात प्रसिद्ध झाली. त्या वेळी महावीरप्रसाद द्विवेदी ‘सरस्वती’चे संपादक होते आणि कथेत ज्याचे चित्रण आहे ते पहिले महायुद्ध फ्रान्स-बेल्जियमच्या भूमीवर चालूच होते. लाहोर व मीरत या दोन पायदळ डिव्हिजन १९१४ च्या शरद ऋतूत तेथे उतरल्या होत्या. कथेचा नायक जमादार लहनासिंह हा त्याच सैन्यातील शीख शिपाई आहे. त्याची ‘७७ शीख रायफल्स’ ही पलटण मात्र काल्पनिक असून त्या काळच्या भारतीय सैन्यात या नावाची पलटण नव्हती.

ही कथा चंडीगडमध्ये वाचणाऱ्या अभ्यासकाला तिच्या भूगोलाची एक बाजू विशेषत्वाने जाणवते. कथेचा आरंभ अमृतसरच्या बाजारात होतो. लहनासिंह ज्या शिकारीची बतावणी करतो ती जगाधरीची. सुभेदार हजारासिंहाला सरकारकडून जमीन मिळाली ती लायलपूरला. आणि लेखकाचे घराणे कांगड्यातील गुलेरचे. ही चारही स्थळे १९१५ मध्ये एकाच पंजाब प्रांतात होती. १९४७ ची फाळणी आणि १९६६ ची पुनर्रचना यांनंतर अमृतसर पंजाबात, जगाधरी हरियाणात, गुलेर हिमाचल प्रदेशात आणि लायलपूर, म्हणजे आजचे फैसलाबाद, पाकिस्तानात आहे. लाहोर गमावल्यामुळे वसविलेले आणि दोन राज्यांची राजधानी झालेले चंडीगड हे या विभागलेल्या प्रदेशाच्या मध्यावर उभे आहे. लहनासिंह ज्या एकसंध मुलखाकडे मरताना परतू पाहतो, तो मुलूख आज केवळ कथेतच उरला आहे.

तथापि प्रस्तुत लेखाचा विषय त्या भूगोलाहून अधिक मर्यादित आहे. लहनासिंह का मरतो, हा तो प्रश्न होय. हिंदी समीक्षेत आणि अध्यापनात या प्रश्नाला दोन उत्तरे रूढ झाली आहेत. त्याने बालपणीच्या प्रेमासाठी प्राण दिले, हे पहिले. त्याने दिलेले वचन पाळले, हे दुसरे. दोन्ही उत्तरे कथेच्या एकंदर भावाशी सुसंगत वाटतात. मात्र संहितेचे बारकाईने वाचन केले असता दोहोंनाही तिच्यात पुरेसा आधार सापडत नाही. तो का सापडत नाही आणि त्यांच्या जागी कोणती प्रेरणा उभी राहते, याची चिकित्सा येथे करावयाची आहे.

२. प्रेमाचे उत्तर आणि विस्मरणाचा पुरावा

कथेच्या पहिल्या भागात बारा वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी अमृतसरच्या एका दुकानात भेटतात. दोघेही आपापल्या मामांकडे आलेली आहेत. पुढील भेटींत तो तिला साखरपुड्याविषयी थट्टेने विचारतो आणि ती लाजून पळते. एके दिवशी ती अनपेक्षितपणे होकार देते व अंगावरचा रेशमी साळू पुरावा म्हणून दाखविते. घरी परतताना तो मुलगा वाटेत एकाला गटारात ढकलतो, एका फेरीवाल्याची दिवसभराची कमाई सांडतो, कुत्र्याला दगड मारतो, भाजीवाल्याच्या गाडीत दूध ओततो आणि स्नान करून येणाऱ्या एका सोवळ्या बाईवर आदळतो. निवेदक त्याच्या मनाविषयी एक शब्दही बोलत नाही; केवळ ही कृत्ये ओळीने मांडतो.

या प्रसंगाचा प्रभाव इतका आहे की पुढील पंचवीस वर्षे लहनासिंहाच्या अंतःकरणात ही मुलगी जिवंत राहिली असणार, असे वाचक गृहीत धरतो. संहिता नेमके उलट सांगते. पाचव्या आणि अखेरच्या भागात निवेदक स्पष्टपणे नोंदवितो, की त्या आठ वर्षांच्या मुलीचे लहनासिंहाला भानही राहिले नव्हते. ती कधी भेटली होती की नाही, हेही त्याला ठाऊक नव्हते. रजा संपवून लामावर जाताना तो सुभेदाराच्या घरी थांबतो. सुभेदारीण त्याला आत बोलावून, ओळखलेस का, असे विचारते. तेव्हा तो नकारार्थी उत्तर देतो. ओळख तिने पटविली आहे, आणि तीही त्याच्याच लहानपणीच्या थट्टेच्या शब्दांनी.

म्हणजे पंचवीस वर्षे जपलेले प्रेम लहनासिंहाच्या बाजूला नाही. जपलेली आहे ती तिच्या बाजूची स्मृती. या स्मृतीचा आशयही लक्षणीय आहे. दह्याच्या दुकानाजवळ टांगेवाल्याचा घोडा बिथरला असता त्याने स्वतःचा जीव धोक्यात घालून आपल्याला वाचविले होते, असे सुभेदारीण सांगते. वाचकाने पहिल्या भागात हा प्रसंग पाहिलेलाच नाही. निवेदकाने त्या मुलाची मोडतोड दाखविली. त्याने केलेले रक्षण वगळले. रक्षणकर्ता लहना केवळ तिच्या तोंडून कथेत येतो.

निवेदनातील ही योजना प्रेरणेच्या दृष्टीने निर्णायक मानावी लागेल. लहनासिंहाच्या बालपणाची दोन चित्रे कथेत आहेत: राग अनावर होऊन निरपराध माणसांचे नुकसान करणारा मुलगा निवेदकाच्या चित्रात आहे, तर दुसऱ्यासाठी घोड्याच्या टापांखाली जाणारा मुलगा सुभेदारणीच्या. सदतिशीच्या जमादाराला यांपैकी कोणतेही आठवत नव्हते. तिने दुसरे चित्र त्याच्या हाती दिले आणि तसाच पुन्हा वाग, असे मागितले. पुढे खंदकात तो जे करतो, ते तिने आठवणीत ठेवलेल्या त्या माणसाशी स्वतःला जुळविण्याचा प्रयत्न म्हणून वाचता येते. आपण कोण होतो हे दुसऱ्या कोणाच्या स्मृतीतून कळणे आणि त्या कळण्याला जागणे, ही प्रेमाहून वेगळी, कदाचित अधिक दुर्मीळ अशी प्रेरणा आहे.

३. वचनाचे उत्तर आणि मिठाचा हिशेब

दुसरे रूढ उत्तर वचनपूर्तीचे. येथेही संहितेची साक्ष तपासणे आवश्यक आहे. सुभेदारीण आपले म्हणणे सांगते, पदर पसरते आणि रडत आतल्या खोलीत निघून जाते. लहनासिंह डोळे पुसत बाहेर येतो. त्याने कोणताही शब्द दिल्याचे निवेदक सांगत नाही. ज्याला वचन म्हटले जाते ते कथेत उच्चारलेच गेलेले नाही. शीर्षकही त्याच्या वचनाविषयी नसून तिच्या बोलण्याविषयी आहे.

तिच्या बोलण्यात दोन देण्यांची सांगड आहे. सरकारने पतीला बहादुरीचा किताब दिला, लायलपूरला जमीन दिली. आता मिठाला जागण्याची वेळ आली आहे, हे ती मान्य करते. पंजाबातील कालव्यांखाली आणलेल्या वसाहतींत सैनिकांना जमिनी देण्याचे धोरण आणि त्या प्रांतातून झालेली प्रचंड भरती यांचा संबंध इतिहासकारांनी विस्ताराने दाखविला आहे. गुलेरींनी तो एका गृहिणीच्या दोन वाक्यांत आणला. या देण्याच्या फेडीसाठी पती आणि एकुलता एक मुलगा दोघेही निघाले आहेत. बोधासिंहानंतर झालेली चार मुले जगली नाहीत. सरकारचे देणे नाकारण्याची सोय तिला नाही. म्हणून ती ते दुसरीकडे वळविते: घरच्या दोघांनी मीठ फेडावे, पण त्याची किंमत त्यांच्या प्राणांनी चुकती होऊ नये.

ती किंमत अखेरीस लहनासिंह चुकती करतो. या व्यवस्थेतील विषमता कथेने कोठेही उच्चारलेली नाही. तरी ती दृष्टिआड करता येत नाही. जमीन सुभेदाराची, मीठ सुभेदाराच्या घराने खाल्लेले आणि मरण जमादाराचे. खंदकात वजीरासिंह जी थट्टा करतो तिलाही याच पार्श्वभूमीवर अर्थ येतो. थंडीत स्वतःची घोंगडी दुसऱ्याला देणाऱ्या लहनासिंहाला तो बजावतो, की न्यूमोनियाने मरणाऱ्यांना मुरब्बे मिळत नसतात. मराठी वाचकाच्या कानाला येथे मोरंब्याचा भास होईल. पण पंजाबच्या व्यवहारात मुरब्बा म्हणजे कालव्याच्या वसाहतीत मोजून दिलेला जमिनीचा चौकोनी तुकडा. कोणत्या मरणाला मोबदला आहे आणि कोणत्याला नाही, हे शिपायांना नेमके ठाऊक आहे. लहनासिंह मोबदला नसलेल्या मरणाच्या दिशेने जात आहे, हे वजीराने थट्टेच्या ओघात आधीच सांगून ठेवले आहे.

४. तो मरण शोधत होता काय?

आत्मबलिदानाच्या कथांत नायक मरणाला कवटाळतो अशी एक सवयीची धारणा असते. लहनासिंहाच्या बाबतीत ती तपासून पाहिली पाहिजे. वजीराच्या थट्टेला उत्तर देताना तो आपले मरण कोठे व कसे यावे हे सांगतो: गावच्या ओढ्याकाठी, भाऊ कीरतसिंहाच्या मांडीवर डोके ठेवून, अंगणात स्वतः लावलेल्या आंब्याच्या सावलीत. ज्याने आपल्या मरणाची जागा इतकी निश्चित केली आहे, तो फ्रान्सच्या चिखलात मरण शोधत असेल असे म्हणता येत नाही.

त्याच्या जखमांचा क्रमही हेच सुचवितो. पहिली जखम मांडीत होते आणि ती त्याच्या स्वतःच्या चुकीने. कॅप्टनच्या वेशात आलेल्या जर्मन अधिकाऱ्याला त्याने बेशुद्ध पाडले, पण विजाराच्या खिशांची झडती घ्यायची राहिली. शुद्धीवर आलेल्या जर्मनाने खिशातूनच गोळी झाडली. दुसरी, बरगडीतील जखम सर्वसाधारण धुमश्चक्रीत होते. दोहोंपैकी एकही जखम त्याने कोणाला वाचविण्यासाठी अंगावर घेतलेली नाही. या तपशिलाकडे दुर्लक्ष झाल्याने लहनासिंहाने सुभेदाराच्या वाटची गोळी झेलली, असा समज सहज होतो.

त्याची खरी निवड यानंतर येते. बरगडीच्या घावात तो खंदकातील ओली माती भरतो, वरून साफा कसून बांधतो आणि ती जखम कोणालाही कळू देत नाही. रुग्णगाड्या येतात तेव्हा सुभेदार त्याला मागे ठेवून जाण्यास तयार होत नाही. लहनासिंह त्याला बोधाची आणि सुभेदारणीची शपथ घालतो, आपण उभे आहोत हे दाखवितो, आणि आपल्यासाठी दुसरी गाडी येईल असे सांगतो. त्याने निवडलेली गोष्ट आहे गाडीतील पाळी. तापाने बरळणारा बोधा आणि खांद्याला गोळी लागलेला सुभेदार आधी गेले पाहिजेत. जखम उघड झाली असती तर हा क्रम उलटला असता. मरण हे या निवडीचे फळ आहे, तिचा हेतू नव्हे.

येथे आणखी एक साम्य दिसते. लहनासिंहाच्या रक्षणाची प्रत्येक कृती एका असत्यातून जाते. आजारी बोधाला स्वतःची जर्सी देताना, आपल्याकडे विलायतेहून आलेली दुसरी गरम जर्सी आहे असे तो सांगतो. ती निव्वळ बतावणी असल्याचे निवेदक लगेच नोंदवितो. तोतया अधिकाऱ्याला उघडे पाडण्यासाठी तो जगाधरीच्या नीलगायीच्या शिकारीची कपोलकल्पित आठवण रचतो. अखेरीस जखम लपवितो. सुभेदारणीने ओळखलेस का असे विचारले, तेव्हा मात्र त्याने जे खरे ते सांगितले होते. ज्या एका ठिकाणी सौजन्याचे असत्य खपून गेले असते तेथे तो खरे बोलतो आणि ज्या ठिकाणी स्वतःच्या हितासाठी खरे बोलणे आवश्यक होते तेथे खोटे. त्याच्या स्वभावाविषयी कोणत्याही वर्णनापेक्षा ही विभागणी अधिक सांगते.

५. पेटन फार्कर आणि लहनासिंह

युद्धकथेतील मरणोन्मुख पात्राच्या प्रेरणांचा विचार तौलनिक अंगाने करताना अँब्रोज बिअर्स यांच्या ‘ॲन ऑकरन्स ॲट आउल क्रीक ब्रिज’ या १८९० मधील कथेचा निर्देश उचित ठरतो. येथे प्रभावाचा दावा अभिप्रेत नाही. रचनेतील साधर्म्य मात्र विलक्षण आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धातील अलाबामाचा मळेवाला पेटन फार्कर रेल्वेच्या पुलावर फासाला उभा आहे. तेथवर तो का आला, हे दुसऱ्या भागात मागे जाऊन सांगितले जाते. त्याच्याही दारात वेश पालटलेला शत्रू येतो: दक्षिणेच्या करड्या गणवेशात आलेला उत्तरेचा हेर. पूल पेटवून देणे किती सोपे आहे हे हेर सुचवितो आणि फार्कर फसतो.

तो फसतो याचे कारण त्याच्या प्रेरणेत आहे. तो गुलामांचा मालक आहे, दक्षिणेच्या पक्षाचा कडवा समर्थक आहे, आणि प्रत्यक्ष सैन्यात जाता न आल्याची खंत बाळगून आहे. पराक्रमाची संधी मिळावी या ओढीमुळे समोरच्या माणसाकडे चिकित्सेने पाहणे त्याला सुचत नाही. लहनासिंहाला पराक्रमाची हौस नाही. त्याचे लक्ष माणसांच्या लहानसहान रीतींकडे आहे. ‘लपटन साहेब’ अतिशुद्ध उर्दू बोलतो, त्याचे केस एका दिवसात कापलेले दिसतात, आणि तो शिखापुढे सिगारेट धरतो. एवढ्यावरून त्याला संशय येतो. वेशांतराचा हा एकच प्रसंग दोन कथांत दोन टोकांना जातो आणि दोन्ही ठिकाणी निकाल पात्राच्या आंतरिक ओढीने ठरतो.

मरणसमयीच्या मनाचे चित्रणही असेच परस्परांविरुद्ध आहे. फार्करचे मन सुटकेचे आणि घरी परतण्याचे खोटे भविष्य रचते व वाचकालाही त्यात गुंतविते. गुलेरींच्या कथेत मरणापूर्वी स्मृती स्वच्छ होते, असे निवेदक म्हणतो. लहनासिंहाच्या मनाने गमावलेला भूतकाळ परत मिळविला आहे. बिअर्सच्या कथेत प्रेरणा आधी कळते आणि भ्रम नंतर उलगडतो. गुलेरींच्या कथेत कृती आधी पूर्ण होतात आणि त्यांचे कारण अखेरीस येते. परिणामी वाचकाला घोंगडी, जर्सी, शपथ हे सारे दुसऱ्यांदा वाचावे लागते. वरिष्ठाच्या मुलाविषयीची माया म्हणून जे पहिल्या वाचनात ओलांडले गेले, ते दुसऱ्या वाचनात त्या पसरलेल्या पदराचे उत्तर ठरते.

६. शीर्षक आणि मराठीची साक्ष

‘उसने कहा था’ हे शब्द कथेत महत्त्वाच्या जागी पुन्हा येतात. लहनासिंहाच्या निरोपात ते आहेत; सुभेदाराच्या तोंडी ते प्रश्न होऊन येतात, आणि त्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही; अखेर ग्लानीत लहनासिंह ते स्वतःशीच उच्चारतो. ज्याच्या घरातील ही गोष्ट आहे त्या सुभेदाराला ती अज्ञात राहते. आपल्याला का वाचविले हे न कळताच तो गाडीत चढतो.

हे शीर्षक मराठीत आणताना एक अडचण उभी राहते. हिंदीतील ‘उसने’ हे सर्वनाम लिंगनिरपेक्ष आहे आणि ‘कहा था’ या क्रियापदातूनही बोलणाऱ्याचे लिंग कळत नाही. त्यामुळे कोण बोलले हे कथेच्या उत्तरार्धापर्यंत झाकलेले राहते. मराठीला ‘त्याने’ किंवा ‘तिने’ यांतून निवड करावीच लागते, आणि ‘तिने’ म्हणताक्षणी कथेचे अर्धे गुपित शीर्षकातच फुटते. क्रियापदाचाही प्रश्न आहे: ‘म्हणाली होती’ हे केवळ उच्चार दर्शविते, तर ‘सांगितले होते’ यात आज्ञेची छटा येते. सुभेदारणीचे बोलणे याचनेचे आहे. पण ऐकणाऱ्यावर त्याचा अंमल आज्ञेसारखा चालतो.

शीर्षकाच्या अनुवादात मराठी अडखळते. पण प्रेरणेच्या निश्चितीला तीच साहाय्य करते. मराठीत ‘शब्द देणे’ आणि ‘शब्द टाकणे’ या दोन भिन्न क्रिया आहेत. शब्द देणाऱ्याने स्वतःला बांधून घेतलेले असते. शब्द टाकणारा समोरच्याच्या भलेपणावर भिस्त ठेवून मागतो. तो शब्द खाली पडू द्यायचा की झेलायचा, हे ऐकणाऱ्यावर असते. झेलण्यासाठी पूर्वीचे वचन लागत नाही, प्रेमाची कबुली लागत नाही. आपल्यावर एवढी भिस्त ठेवली गेली, एवढेच पुरते. सुभेदारणीने शब्द टाकला आणि लहनासिंहाने तो खाली पडू दिला नाही: ‘प्रेम’ आणि ‘वचन’ या दोन्ही संज्ञांपेक्षा हे वर्णन संहितेच्या अधिक जवळ जाते.

७. नोंद आणि प्रेरणा

कथेचा शेवट वृत्तपत्रातील मृतांच्या यादीने होतो. तीत यादीचा क्रमांक, पलटण, हुद्दा आणि नाव एवढेच आहे. जखमांनी मृत्यू असे कारण नोंदविले आहे आणि सरकारी अर्थाने ते खरेही आहे. जे कारण वाचकाला आताच कळले ते नोंदविण्यासाठी त्या यादीत रकाना नाही.

अशा नोंदी पुष्कळ आहेत. लाहोरच्या संग्रहालयात पहिल्या महायुद्धातील पंजाबी सैनिकांच्या गाववार नोंदवह्या आहेत. सुमारे ३ लाख २० हजार नावांच्या या नोंदी २०२१ पासून संगणकीय रूपात खुल्या होऊ लागल्या. फ्रान्समधील न्यव शापेलच्या स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावी पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचे स्मारक आहे. चंडीगडच्या सेक्टर ३ मधील, २००६ साली खुल्या झालेल्या युद्धस्मारकावर १९४७ नंतरच्या हुतात्म्यांची नावे कोरलेली आहेत. लहनासिंहाच्या पिढीला त्यात जागा नाही. या सर्व नोंदी आवश्यक आहेत आणि त्या सर्व एकाच गोष्टीबाबत मूक आहेत. इज्जत, मीठ, जमीन, पोट, धाक, की कोणीतरी टाकलेला शब्द, यांपैकी कशासाठी कोण गेला हे त्यांतून कळत नाही.

गुलेरी स्वतः युद्धावर गेले नव्हते. संस्कृतचे हे पंडित अजमेरच्या मेयो कॉलेजात अध्यापन करीत होते. युद्ध चालू असतानाच त्यांनी त्या यादीतील एका कल्पित नावामागे जाऊन तिथला रिकामा रकाना भरला. तो भरताना त्यांनी साम्राज्याचा गौरव केला नाही की त्याचा उघड निषेधही केला नाही. एका माणसाचे मरण साम्राज्याच्या हिशेबातून काढून एका स्त्रीच्या बोलण्याच्या खाती मांडले. लहनासिंहाच्या शेवटच्या भ्रमात वजीराची मांडी कीरतसिंहाची होते आणि येत्या आषाढात आंब्याला भरपूर फळ धरेल असे तो सांगतो. जवळ बसलेला वजीरासिंह रडतो. पण कोणत्या शब्दासाठी हे मरण आले, हे त्यालाही कळलेले नसते. सुभेदारणीला निरोप मिळाला की नाही, हे कथा सांगत नाही. तिच्यापर्यंत यादी निश्चित पोहोचली असणार.